कापसाच्या ढिगातून मारलेली हाक

माईक ओरडायला लागला की लोक हसतात. लग्नात, सभेत, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, कुठेही. कानांवर हात ठेवतात, एकमेकांकडे बघतात आणि हसतात. परवा एका लग्नात निवेदन करणारा पोरगा बिनतारी माईक हातात घेऊन थेट स्पीकरच्या तोंडापुढून फिरत गेला आणि मांडवभर ती शिट्टी घुमली. सगळे हसले. मी उठून बाहेर गेलो. सुनेला वाटलं मला भोवळ आली. लिंबूपाणी घेऊन ती मागे आली. तिला काही सांगितलं नाही, कारण उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं.

ही हकिगत साठ सालानंतरच्या काही वर्षांतली. तेव्हा आमचा जिल्हा धुळे. मी म्हसावदच्या शाळेत मास्तर होतो आणि सुट्टी मिळाली की दाजींबरोबर लाऊडस्पीकर घेऊन हिंडत असे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांची शेती धानोऱ्याच्या शिवारात. मनाने मोकळा माणूस, पण मी सांगतोय त्या काळात तो पार मिटून गेला होता. एका पावसाळ्यात त्यांची एकुलती एक पोर तापाने गेली. नाल्याला पूर होता, डॉक्टर पलीकडे, आणि गाडी काही केल्या पाण्यात उतरेना. पाणी उतरलं तेव्हा डॉक्टरचं काम उरलं नव्हतं. त्यानंतर ताई कामापुरतं बोलायची. दाजींना घर खायला उठायचं. त्यांनी सुरतेहून लाऊडस्पीकरचा संच आणला. एक मशीन, एक मोटारीची बॅटरी, दोन भोंगे, माईक आणि तारेची भेंडोळी. घरापासून लांब राहायला त्यांना एक निमित्त मिळालं.

गावोगाव लोकांना त्या यंत्राचं अप्रूप होतं. त्याच्या खोड्या मात्र आम्हालाच ठाऊक. सगळ्यात वाईट खोडी म्हणजे किंचाळणं. माईकमध्ये बोललेलं भोंग्यातून मोठं होऊन बाहेर पडतं. तोच मोठा झालेला आवाज फिरून माईकमध्ये शिरला की मशीन त्याला आणखी मोठं करतं, तो परत शिरतो, परत वाढतो, आणि पापणी लवायच्या आत भोंग्यातून अशी किंकाळी फुटते की बैल दावं तोडतात. आवाज जेवढा वाढवावा तेवढा धोका जास्त. दाजी मला पहिल्या दिवसापासून सांगायचे, "आवाज वाढवू नको भो, मानूसले जवळ बोलाव." बोलणाऱ्याने तोंड माईकला लावून बोलायचं, भोंग्यांची तोंडं पलीकडे, माईक त्यांच्या पाठीमागे. एवढं सांभाळलं की बहुतेक वेळा निभायचं.

त्या वर्षी मार्गशीर्षात तापीकाठच्या एका गावी जत्रेला आम्हाला बोलावलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. देऊळ उंचावर, तिथून दगडी घाट खाली वाळूत उतरतो, आणि वाळूत जत्रा पसरलेली. सातपुड्यातली पावरा आदिवासी मंडळी खाली उतरून येत. मोहाची फुलं, डिंक, चारोळी आणत आणि मीठ, कापड, बांगड्या घेऊन परत जात. देवस्थानच्या पंचांनी आमचा मांडव नेमका घाटाच्या पायथ्याशी घातला होता. भोंगे मांडवाच्या दोन्ही बाजूंना बांबूवर बांधले. सकाळी मशीन लावून बघितलं तेव्हाच दाजींच्या कपाळाला आठी पडली. भोंग्याचा आवाज घाटाच्या दगडावर आदळून सरळ मांडवात परत येत होता. बारीक आवाजात ठेवलं तर चालत होतं. जरा वाढवलं की शिट्टी.

"आज कुस्त्याच पुकारायच्या आहेत," मी म्हणालो. "पुकारणारा पंच गडगडाटी आवाजाचा आहे. निभेल."

दुपार उतरू लागली तेव्हा एक पावरा तरुण गर्दी सारत मांडवात आला. त्याच्या मागे एक बाई. बाईचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं, वाळू चिकटलेली. म्हणजे ती नदीकाठाने फिरून आली होती. तिने मांडवातल्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघितलं, मग मांडवाच्या कापडामागे डोकावून बघितलं.

"दादा, पोर हारायनी," तो तरुण तोडक्या अहिराणीत म्हणाला. "मन्ही बहीणनी पोर."

त्याने हाताने उंची दाखवली. चार-साडेचार वर्षांची असेल. बहीण बांगड्या भरत बसली होती, हात बांगडीवालीच्या हातात अडकलेला, आणि पोर पदर धरून उभी होती. बांगड्या भरून झाल्या तेव्हा पदराला कोणी नव्हतं. तेव्हापासून ही दोघं जत्रा पालथी घालत होती. मुलीचा बाप डोंगरात घरी राहिला होता. बाईला बाजारची भाषा येत नव्हती. हाका मारून मारून तिचा घसा पार बसला होता. तोंड उघडायची तेव्हा नुसती हवा बाहेर यायची आणि तिच्यात कुठेतरी एक फाटका शब्द.

मी लगेच माईक घेतला. एक लहान मुलगी हरवली आहे, अंगावर निळा झगा, गळ्यात पांढऱ्या मण्यांची माळ, कोणाला सापडली तर मांडवात आणून द्यावी. मराठीत सांगितलं, मग अहिराणीत सांगितलं. बारीक आवाजात सांगावं लागत होतं, आणि जत्रेचा गलका केवढा! कुस्त्यांच्या आखाड्यात हलगी कडाडत होती. पाळणेवाले ओरडत होते. मांडवापुढची माणसं सोडली तर माझं बोलणं कोणाच्या कानी पडत होतं देव जाणे. ज्यांच्या कानी पडत होतं ते मान डोलावून पुढे जात होते.

काही वेळाने दाजी माझ्याजवळ आले.

"मास्तर, पोरले मराठी समजस का?" त्यांनी विचारलं.

माझे हात थांबले. आम्ही सगळ्या जत्रेला सांगत होतो. जिला सांगायला हवं होतं तिला त्यातलं काहीच कळत नव्हतं.

मामाला माईकपुढे उभं केलं. त्याने आपल्या बोलीत मुलीच्या नावाने हाक मारली, खणखणीत. दोनदा, तीनदा. मग त्यानेच मान हलवली.

"मी दुसरा गावना. ती मन्हा आवाज वळखस नही. मायनाच आवाज पाहिजे."

त्याने बहिणीला हाताला धरून पुढे आणलं. मी माईक तिच्या तोंडाला लावला. ती बोलली. भोंग्यातून काहीच आलं नाही, नुसती खरखर. मी दाजींकडे बघितलं. त्यांनी आवाजाचं बटण थोडं वाढवलं. ती परत बोलली. आता एक दबका घोगरा सूर ऐकू आला, पण तो हलगीत बुडाला. दाजींनी आणखी वाढवलं.

आणि भोंगा किंचाळला.

तशी किंकाळी मी त्या मशीनमधून आधी कधी ऐकली नव्हती. बारीक, उंच, लांबलेली. अगदी लहान मुलीने जीव तोडून ओरडावं तशी. बाईने माईक ढकलला आणि भोंग्याच्या बांबूकडे धावली. बांबूला मिठी मारून वर बघत राहिली. मामा तिला सोडवत होता, समजावत होता, की हे यंत्र आहे, यंत्राचा आवाज आहे. तिला ते कळत नव्हतं असं नाही. पण इतका वेळ जी पोरीचा आवाज शोधत होती तिच्या कानांनी तो ऐकला होता. कानांना कोण समजावणार? आजूबाजूचे दोघं-चौघं हसले. दाजींनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते गप्प झाले.

त्यानंतर मी जे काही केलं ते घायकुतीला आलेल्या माणसाने करावं तसं होतं. माईकभोवती दोन्ही हातांची ओंजळ केली, तर तो जास्तच ओरडला. रुमाल गुंडाळला, तर बाईचा आवाज गेला आणि शिट्टी राहिली. मांडवाच्या कोपऱ्यात गेलो, दुसऱ्या कोपऱ्यात गेलो. बाईला खाली बसवलं. भोंगे फिरवायला वर चढलो. एकाचं तोंड नदीकडे केलं, दुसऱ्याचं रस्त्याकडे, तरी घाटाचा दगड आवाज परत फेकतच होता. प्रत्येक वेळी ती बिचारी तोंड उघडायची आणि प्रत्येक वेळी भोंगा किंचाळायचा. तिच्या नवऱ्याने पोरगी हिच्या हवाली केली होती, हे मामा मला मधेच सांगत होता. ऊन नदीपलीकडे कलत होतं. मशीनच्या आतले काचेचे दिवे सकाळपेक्षा मंद दिसायला लागले होते. बॅटरी उतरत होती.

"दाजी, हे होत नाही," मी म्हणालो. "एक तर तिचा आवाज ऐकू येईल, नाही तर भोंगा ओरडेल. तिसरं काही होत नाही."

दाजी मशीनपुढे उकिडवे बसले होते. त्यांनी वर बघितलंच नाही.

"तू नदीकडे जाई दखी ये," ते म्हणाले. त्याच्या पुढचं बोलायची गरज नव्हती.

मी निघालो. मांडवातून बाहेर पडताना मला वाट मिळेना म्हणून मी वरच्या बाजूने, गाड्यांच्या तळाकडून वळसा घेतला. तिथे एका पिंजाऱ्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बांबूंवर कापड, आणि आत दोन्ही बाजूंना भिंतीसारख्या रचलेल्या गाद्या आणि रजया, मागे पिंजलेल्या कापसाचा डोंगर. पिंजाऱ्याला मुलगी दिसली का विचारायला मी आत वाकलो. आणि जत्रा बंद झाली.

खरंच तसं वाटलं. हलगी, पाळणे, फेरीवाले, सगळं एकदम दूर गेलं. माझं बोलणं माझ्याच तोंडाशी विरून जात होतं. बाहेरचा आवाज आत येत नव्हता आणि आतला कशावर आपटून परत फिरत नव्हता. मी काय विचारायला आलो होतो ते विसरून तिथेच उभा राहिलो. मग नदीकडे न जाता उलटा मांडवाकडे पळालो.

दाजींना अर्धंच सांगितलं असेल, त्यांनी बॅटरी उचलली सुद्धा. माईकची तार लांब करता येत नव्हती, ती लांबवली की मशीन नुसतं गुणगुणतं. तेव्हा मशीन आणि बॅटरी दोन्ही पिंजाऱ्याकडे न्यायला हवं होतं आणि भोंगा तिथून लांब. भोंग्याची तार पुरेना. दाजींनी एक भोंगा सोडून दिला आणि त्याची तार दुसऱ्याला जोडली. जोडताना त्यांनी दातांनी तार सोलली, ओठ कापला, रक्त आलं, त्यांनी ते पुसलंही नाही.

कुस्त्या पुकारणारे म्हातारे पंच आडवे आले. "कुस्त्या चालू करानी शे. माईक कोठे ली चालनात तुम्ही?"

"आबा, पोर सापडू द्या," दाजी म्हणाले. "मंग तुम्ही म्हनशात तितल्या कुस्त्या पुकारसू."

म्हाताऱ्याने दाजींच्या ओठाकडे बघितलं, मग मागे उभ्या असलेल्या बाईकडे. तो वळला आणि आखाड्याकडे चालू लागला. थोड्या वेळाने हलगी थांबली. मग पाळणाही थांबला. सगळी जत्रा काही गप्प झाली नाही, पण गलक्याचा कणा मोडला.

दाजी भोंगा खांद्यावर घेऊन वाळूतून खाली गेले आणि नदीच्या अंगाला, एका उभ्या खांबावर त्यांनी तो बांधला. तोंड जत्रेच्या लांबीकडे, काठाला समांतर, आणि आमचं दुकान बाजूला. घाट त्याच्या रेषेत नव्हता. पिंजारी आधी कुरकुरला, धुळीने गाद्या खराब होतील म्हणाला. मग बाईला बघून त्याने स्वतःच एक रजई काढून दारावर टांगली. मी बाईला कापसाच्या ढिगात बसवलं. तिच्या दोन्ही अंगांना गाद्या ओढून घेतल्या. माईक तिच्या ओठांना टेकेल इतका जवळ धरला. तिने माईककडे बघितलं आणि मान मागे घेतली. ती आता त्याला भ्यायला लागली होती. मामाने तिला हळूहळू काहीतरी सांगितलं. मी बटणाला हात घातला. हे ओरडलं तर पुढे काही उरलं नव्हतं. बॅटरीत नाही, उजेडात नाही, आणि त्या बाईतही नाही.

ती बोलायला लागली.

मी बटण वाढवलं. शिट्टी नाही. आणखी वाढवलं. नाही. आणखी. सकाळी जिथे किंचाळत होतं त्याच्या कितीतरी पुढे गेलो, आणि मग रजईच्या बाहेरून, खालच्या वाळूतून, तिचा तो बसलेला घोगरा आवाज माणसाएवढा मोठा होऊन ऐकू आला. फाटका होता, पण शब्द न् शब्द वेगळा. मला त्यातलं फक्त मुलीचं नाव कळत होतं. हाक मारून झाली की ती थांबायची नाही, काहीतरी सांगत राहायची, अगदी हळू, घरात शेजारी बसून सांगावं तसं.

"काय सांगतेय?" मी मामाला खुणेने विचारलं.

"बकरी," तो कुजबुजला. "घर बकरीले पिलू व्हयनं शे. पोर तेना संगे खेळस. ती सांगी ऱ्हायनी, चाल, पिलू भूके शे."

ती बोलत राहिली. मशीनमधले दिवे लाल पडत चालले. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. कोणी आलं नाही. मी रजईच्या फटीतून बाहेर बघत होतो आणि मनात एकच येत होतं, की आपण हिची हाक आता सगळीकडे पोचवली आणि तरी कोणी येत नाही, म्हणजे ऐकणारंच कोणी उरलेलं नाही.

तेवढ्यात रजई बाजूला झाली. बांगडीवाली होती, तीच, जिच्याकडे ही बाई हात देऊन बसली होती. धापा टाकत होती.

"ओ भो, ती निळा झगानी पोर ना? भोंगाखाले उभी व्हती. वर दखे आनि रडे. मी हात धराले गयी ते पळी गयी. पानीकडे गयी!"

पोरीला आईचा आवाज ओळखू आला होता. ती त्या आवाजाकडेच आली होती. आणि आवाज होता खांबावर, नदीच्या अंगाला. आई तिथून लांब, गाद्यांच्या आड. शिट्टी थांबावी म्हणून आम्ही आईला तिच्या आवाजापासून तोडलं होतं आणि त्या आवाजाखाली उभं राहायला एक माणूस ठेवला नव्हता.

मामाने बहिणीला सांगितलं की नाही, ती समजली की नाही, कोण जाणे. आम्ही तिघंही धावत सुटलो. भोंगा बांधून झाल्यावर दाजी गर्दीत पोरीला शोधत हिंडले होते, ते दुकानाकडे परत येत होते. मी लांबूनच ओरडलो, "पाण्याकडे! पाण्याकडे गेली!" दाजी तिथल्या तिथे वळले. त्या वयात, तशा जड अंगाचा माणूस तसा पळताना मी पुन्हा बघितला नाही. वाळूत पाय रुतत होते, पगडी कुठे पडली ती त्यांनी बघितली नाही. काठाशी भांडी घासणाऱ्या बायका उभ्या राहून बघत होत्या. पुढे पाणी पिंढरीएवढं होतं आणि त्याच्या पुढे डोह.

पोर पाण्यात होती. गुडघ्याच्या वर पाणी, झगा फुगून वर आलेला. ती मागे बघत नव्हती. पलीकडच्या काठाकडे बघत होती, कारण तिला हाका कुठून येत होत्या ते आता कळेनासं झालं होतं. हाका थांबल्या होत्या. आम्ही पळालो तेव्हा माईक गादीत पडला होता.

दाजी कपड्यांसकट आत शिरले. तिला मागून उचललं. ती जिवाच्या आकांताने ओरडली, त्यांना ओरबाडलं, चावली. त्यांनी तिला छातीशी धरलं आणि मागे वळून काठाला आले, पण काठावर आल्यावर थांबले आणि तसेच उभे राहिले. आई तिथे पोचली होती. तिने हात पुढे केले. दाजींनी पोर दिली नाही.

द्यायची नव्हती असं नाही. त्यांचे हात सुटेनात. त्यांचे डोळे पोरीच्या ओल्या केसांवर होते आणि ते काहीतरी पुटपुटत होते. मी जवळ गेलो तेव्हा मला ऐकू आलं. ते आपल्या मुलीचं नाव घेत होते. घरात ते नाव कोणी उच्चारत नव्हतं. मी त्यांच्या मनगटाला हात लावला. "दाजी," मी म्हणालो, "दाजी, तिची आई उभी आहे." मग त्यांनी मान वर केली, बाईकडे बघितलं आणि पोरीला तिच्या हातांत दिलं, अगदी हळू, झोपलेलं मूल द्यावं तसं.

बाईने पोरीला मारलं. पाठीत एक धपाटा घातला, मग मिठीत घेतलं, मग परत मारलं. तोंडाने काहीतरी बोलत होती, पण आवाज येत नव्हता. घशात जे काही उरलं होतं ते गादीत बसून संपलं होतं. पोरगी मात्र हमसून हमसून सांगत होती. मामाने ते आम्हाला समजावलं. शिट्टीला भिऊन ती गाड्यांच्या तळावर कडब्याच्या गंजीत लपली होती. डोकं बाहेर काढलं की भोंगा किंचाळायचा, की परत आत. बकरीचं पिलू भुकेलंय हे ऐकलं तेव्हा ती बाहेर आली.

ती मंडळी उजेड आहे तोवर निघाली. त्यांना शहाद्याच्या वाटेला लागून पुढे डोंगराकडे जायचं होतं. मामाने दाजींचे दोन्ही हात धरले. बाईने आमच्याकडे बघितलं नाही, पोरीला कडेवर घेऊन ती सरळ चालू लागली, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. त्या दिवशी तिने जत्रेत कोणाकडेही बघावं असं काही उरलं नव्हतं.

पंच कुस्त्यांसाठी आले. बॅटरी संपली होती. म्हातारा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या," आणि हातांचा कर्णा करून तो स्वतःच पुकारायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धानोऱ्याला पोचलो. ताई अंगणात दाणे निवडत होती. दाजींच्या चेहऱ्यावरचे ओरखडे आणि सुजलेला ओठ बघून ती उठली. दाजी ओटीवर बसले. मग मीच सगळं सांगितलं, घाटापासून नदीपर्यंत. ताई उभ्यानेच ऐकत होती. शेवटचं, काठावरचं, मी गाळणार होतो. पण दाजी मधेच बोलले. पाण्यातून वर येताना आपण कोणाचं नाव घेत होतो ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने ताईला सांगितलं.

ताई खाली बसली. सूप तिच्या मांडीवरून घसरलं. बराच वेळ ती जमिनीवर सांडलेले दाणे गोळा करत राहिली. दाजी उठून तिच्याशेजारी जाऊन बसले आणि तेही दाणे वेचू लागले.

मग ताईने खालीच बघत विचारलं, "तिनी मायना आवाज कसा व्हता?"

दाजींनी सांगायला सुरुवात केली. मी मशीन घेऊन आत गेलो.